नवरीचा चष्मा

ट्रायलच्या दिवशी मेकअपवालीने सगळ्यात आधी माझ्या मुलीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घालून आरशाखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून टाकला. विचारलं वगैरे काही नाही. केसातला चाप काढून ठेवावा तसा तो काढला.

मी मागे सोफ्यावर बसले होते. म्हटलं, "लग्नात ती चष्मा लावणार आहे. लावूनच बघा कसं दिसतं ते."

मेकअपवाली हसली. वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. नवीन पनवेलमध्ये तिचं नाव आहे आणि हात खरोखर चांगला आहे, ते मी नाकारत नाही. "काकू, ब्रायडल लुकमध्ये चष्मा नसतो. लेन्स घालायच्या ना. हेझल कलर छान दिसेल हिला."

"लेन्स चालत नाहीत. कॉलेजात असताना बुबुळाला जखम झाली होती. डॉक्टरांनी कायमच्या बंद केल्यात."

"मग लेझर? माझ्या किती ब्राइड्स लग्नाआधी करून घेतात."

"बुबुळाचा पडदा पातळ आहे. तेही विचारून झालंय."

"मग एक दिवस असंच राहायचं," ती म्हणाली आणि ब्रश उचलला. "ट्रस्ट मी, काकू. फोटो बघाल तेव्हा मला थँक्यू म्हणाल."

पुढचा तास-दीड तास माझी मुलगी आरशासमोर बसली होती आणि आरशात तिला काही दिसत नव्हतं. ज्यांना नंबर नाही त्यांना हे सांगून कळत नाही. तिचा नंबर उणे साडेसात, माझा उणे आठ. हिशेब सोपा आहे: शंभराला नंबराने भागायचं, जे उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. तिचं उत्तर तेरा. वीतभरसुद्धा नाही. त्यापलीकडे सगळे रंगाचे डाग. मेकअपवाली म्हणायची, "बघ, लिप्स कसले आलेत!" आणि माझी मुलगी डागाकडे बघून म्हणायची, "हो, मस्त."

काम संपल्यावर तिने मोबाईलवर फोटो काढला आणि मुलीच्या हातात दिला. मुलीने मोबाईल नाकाला टेकेल इतका जवळ धरला. बराच वेळ धरला. मग माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे साधारण सोफ्याच्या दिशेने, आणि म्हणाली, "आई, मी अशी कधीच दिसले नव्हते."

फोटो सुंदर होता, खोटं कशाला बोलू? डोळे मोठे, काळेभोर. नाकावरचे चष्म्याचे दोन खळगे, जे शाळेपासून तिच्या नाकावर आहेत, तेही भरून टाकले होते. पण पार्लरचा जिना उतरताना तिने माझा दंड धरला आणि पाय चाचपत टाकू लागली. चष्मा पर्समध्ये होता. लावला तर नाकावरचं पुसलं जाईल, निदान बाबांना घरी जाऊन दाखवू दे, म्हणाली. एरवी हीच मुलगी कामाच्या जागी अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे जिने हातात नकाशे घेऊन चढते. तिला असं धरून उतरवताना मला राग आला. तो नेमका कोणावर, हे मला रिक्षात बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नातही चष्मा काढला होता. तेव्हा मेकअपवाली नव्हती. मावशा होत्या. त्यांनी काढला आणि कोणाच्या तरी बटव्यात टाकला. अंतरपाट खाली गेला तेव्हा पलीकडे पांढरं-सोनेरी काहीतरी उभं होतं, त्याला मी हार घातला. मग मोठ्यांच्या पाया पडायला फिरवलं. तिथे सासऱ्यांचे धाकटे भाऊ समजून मी केटररच्या माणसाला वाकून नमस्कार केला. बिचाऱ्याने हातातला पाण्याचा जग खाली ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी रहा" म्हणाला. गुरुजींनी भर दुपारी ध्रुवतारा दाखवला तेव्हा मात्र आम्ही सगळे समान होतो. कोणालाच दिसला नाही आणि सगळेच "दिसला" म्हणाले.

ही गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगतात. मीही सांगते आणि हसते. पण त्या दिवसाचं मला आठवतं ते ऐकलेलं आणि हुंगलेलं. पाहिलेलं काही नाही. माझे वडील त्या दिवशी कसे दिसत होते, हे मला फोटोवरूनच माहीत. मुलीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. तिचं लग्न तिला दिसलं पाहिजे. बाकी साड्या, दागिने, स्टेज, फुलं, त्यात मी एका शब्दाने पडले नव्हते.

अडचण अशी की मुलगीच विरुद्ध पक्षात गेली होती.

"एका दिवसाचा प्रश्न आहे, आई."

"त्याच दिवसाचा आहे म्हणून तर म्हणतेय."

"मला सुंदर दिसायचंय. त्यात काय चूक आहे?"

"काही चूक नाही. चष्म्यात सुंदर दिसत नाहीस असं कोण म्हणालं?"

"सगळे," ती म्हणाली. "लहानपणापासून. स्थळं बघताना तुमच्याच बायोडेटात 'चष्मा आहे' असं लिहायचं की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली होती. विसरलीस?"

विसरले नव्हते. लिहायचंच, असं म्हणणारी मी होते, पण चर्चा झाली होती हे खरं.

नणंद गावाहून आली होती. माझ्यापेक्षा मोठी, तोंडाने फटकळ, मनाने बरी. ती सोफ्यावर मांडी ठोकून बसली. "वयनी, पोरीचं लगीन हाय का बँकेची परीक्षा हाय? नवरी कुठं चष्मा लावून बसते? लोक बोलतील, मास्तरीण आणली."

"बोलू द्या. मास्तरणीला पगार असतो."

"हसून दाखवू नको. फोटो जलमभर राहतात."

"डोळेपण जन्मभर राहतात, ताई."

आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही दोघीतिघी काय ते ठरवा. मी हॉलचं बघतो." हॉल कोन गावाच्या बाजूला होता, तिथलं सगळं कधीच बघून झालं होतं. तरी ते गाडी काढून गेले.

मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. म्हटलं, वाद नको, मोजू. मुलीला जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला उभं केलं, नणंदेला दुसऱ्या बाजूला. अंतरपाटाच्या दोन्हीकडची माणसं साधारण एवढ्याच अंतरावर असतात. "चष्मा काढ. आत्याच्या कपाळावर टिकली कुठल्या रंगाची आहे?"

"लाल."

"टिकलीच नाही. सकाळी आंघोळीनंतर लावायची राहिली."

"अगो बाय!" नणंदेने कपाळाला हात लावला आणि टिकली शोधायला आत पळाली.

मला वाटलं होतं मुलगी हसेल. ती हसली नाही. चष्मा लावून शांतपणे म्हणाली, "आई, प्रत्येक गोष्टीला भागाकार लावायची गरज नसते. मला माहीत आहे मला किती दिसतं. तुझ्याआधी मला माहीत असतं." आणि खोलीत निघून गेली.

टेप गुंडाळून मी डब्यात ठेवली. तिचं बरोबर होतं. लग्न तिचं, चेहरा तिचा. पटवून द्यायचं तेवढं दिलं होतं, आता जबरदस्ती केली तर माझ्या मावशांत आणि माझ्यात फरक काय? त्यांनी काढायची जबरदस्ती केली, मी लावायची. त्या दिवसापासून मी तो विषय काढला नाही. फक्त एवढं सांगून टाकलं, की नवरीच्या आईच्या मेकअपमध्ये माझा चष्मा जागेवरून हलणार नाही. यावर कोणी वाद घातला नाही. नवरीच्या आईकडे बघतंय कोण!

हळद आदल्या संध्याकाळी गावच्या अंगणात झाली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, बेंजो, बायकांची गाणी, आणि ज्याला यायचंय त्याने यावं. मुलगी पाटावर बसली, पिवळी साडी, डोळे उघडे. फ्रेमला हळद लागेल म्हणून चष्मा माझ्या कमरेला खोचलेल्या पिशवीत होता.

सुरुवातीला मजा चालली होती. धुक्यातून पिवळे हात यायचे, गालाला लागायचे, ती आवाजावरून ओळखायची. "आत्या! तुमच्या बांगड्या कळतात." "मामी, जोरात घासू नका, भांडं नाहीये मी." बायका हसत होत्या. पुष्कळ जणी आल्या. ज्यांचा आवाज तिला ओळखता येत नव्हता त्यांच्यासाठी तिने एक वाक्य ठरवून टाकलं, तेही गोड हसून: "काकी, जेवल्याशिवाय जाऊ नका हं."

मग माझी चुलत जाऊ आली. ती फारसं बोलत नाही, कधीच नाही. मी तळोज्याला कंपनीच्या हिशेबखात्यात होते तेव्हा सकाळी मुलीला तिच्याकडे सोडून जायचे. शाळेत जाईपर्यंत मुलगी तिच्या हातचं जेवली, तिच्या कुशीत दुपारची झोपली. तिला ती मोठीआय म्हणते, आणि लहानपणी आम्हा दोघींत भांडण झालं की तिच्याकडे जायचं म्हणून रडायची. आता मोठीआयचे गुडघे गेलेत. पुतण्याच्या खांद्याला धरून ती पाटापर्यंत आली. मुलीच्या कपाळाला हळद लावली, गालांना लावली. खाली बसवत नसताना बसली आणि पायांना लावली. मग तशीच थांबली, चेहऱ्याकडे बघत.

मुलगी गोड हसली. "काकी, जेवल्याशिवाय जाऊ नका हं."

"जेवन ना गो बाय," मोठीआय म्हणाली. "जेवल्याबिगर कुठं जातंय मी." बेंजोच्या आवाजात तेही मुलीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पुतण्याने तिला उठवलं आणि ती मागच्या खुर्च्यांत जाऊन बसली, पदराने हात पुसत.

मी वाकून मुलीच्या कानात सांगितलं, "ती मोठीआय होती."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. "कुठाय?" ती म्हणाली. "आई, चष्मा दे. दे आधी." मी काढून दिला. तिने हळदीच्या हातांनीच तो लावला आणि पाटावरून उठली. बायका ओरडल्या, "अगो, हळद पुरी व्हायच्या आधी उठतात का!" ती खुर्च्या ओलांडत गेली आणि म्हातारीच्या गुडघ्यांत तोंड घालून बसली. मी मागोमाग गेले म्हणून मला ऐकू आलं. मोठीआय तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती, "डोल्यांवर चष्मा नव्हता ना तुजे. मना समजला. रडू नको, हळद वाहाते."

मी काहीही बोलले नाही. टेपबद्दल नाही, तेरा सेंटिमीटरबद्दल नाही. बोलण्याचा मोह झाला होता, हे खरं आहे.

सकाळी हॉलवरच्या खोलीत मेकअपवालीने पेटी उघडली आणि हात पुढे केला. मुलगी म्हणाली, "तो राहू दे. चष्मा लावून मेकअप बसव."

"ट्रायलला तर आपलं ठरलं होतं!"

"आता हे ठरलंय."

मेकअपवालीने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. खरंच, या वेळी मी काही केलं नव्हतं. मग ती वैतागून बोलली आणि तिचंही खोटं नव्हतं: "ताई, माझं काम फोटोत दिसतं. फोटो बघून मला पुढची ऑर्डर येते. काचेमागे डोळे बारीक दिसणार, वर लाइट पडणार, लोक म्हणतील मेकअप कोणी केला हा?"

"मग बारीक दिसू नयेत असा कर ना," मुलगी म्हणाली. "तू हुशार आहेस."

मेकअपवालीने खुर्ची ओढली आणि कामाला लागली, आणि मला सांगायला हवं की ट्रायलपेक्षा चांगलं काम केलं. डोळ्यांच्या कडा जास्त ठळक केल्या. दर थोड्या वेळाने चष्मा लावायला लावायची, मागे सरकून बघायची, पुन्हा काढायची. नाकावर जिथे चष्मा टेकतो तिथलं क्रीम पुसून नुसती पावडर ठेवली, म्हणजे घामाने घसरणार नाही. आणि दर वेळी चष्मा लागला की मुलगी आरशात बघायची. स्वतः. "हा रंग माझ्या ओठांना जास्त होतोय." "कपाळ गळ्यापेक्षा गोरं झालंय, एक कर." ट्रायलला दीड तासात ती फक्त "मस्त" म्हणाली होती. आज तिला मतं होती. मेकअपवाली कुरकुरत होती आणि ऐकत होती.

मुंडावळ्यांची मात्र खरी पंचाईत झाली. मोत्यांच्या सरी चष्म्याच्या काडीत अडकायच्या, मान हलवली की चष्माच कानावरून उचलला जायचा. मेकअपवालीने दोनदा बांधून पाहिल्या. मुहूर्त जवळ आला होता आणि खालून निरोपावर निरोप येत होते. शेवटी नणंद पुढे झाली. तोंडात पिना धरून म्हणाली, "सरा तिकडे. तुमचं ते इंग्लिश काम इथं नाय चालायचं." तिने काडीवरून सर घेतली, कानामागे पीन मारली, टोकं अंबाड्यात आत नेऊन खोचली. मग मुलीची हनुवटी धरून डावीउजवीकडे हलवून बघितली. "हालत नाय. आता रडलीस तर मीच काढून घेन."

मेकअपवालीने माझ्याकडे एकदा शेवटचं पाहिलं. "काकू, तुमचा तरी काढू या?"

तिघी एकदम हसलो. तीही हसली.

मांडवात कुजबुज झाली. मी कान बंद करून बसले नव्हते. "नवरी चष्म्यातच?" "घाईत ऱ्हायला वाटतं." मुलाकडच्या एका बाईंनी थेट विचारलं, "चष्मा काढायचा राहिला का हो?" "राहिला नाही, ठेवलाय," मी म्हटलं. फोटोवाला स्टेजवरून, "मॅडम, ग्लास काढा ना, एकच मिनिट," म्हणाला, पुन्हा म्हणाला, आणि मग गप्प बसला. कोणीतरी मला आठवण करून दिली की मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईने समोर थांबायचं नसतं, तुळशीला पाणी घालत उभं राहायचं असतं. हॉलमध्ये तुळस एकच होती, प्लास्टिकची. मी जागेवरच उभी राहिले.

अंतरपाट खाली गेला आणि मुलगी हसली. हळूच नव्हे, चांगली दात दाखवून हसली. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याच्या उजव्या भुवईत तांदळाचा दाणा अडकला होता आणि बिचारा इतका गंभीर चेहरा करून उभा होता." होमाच्या धुराने काचा धुरकट झाल्या तेव्हा तिने नवऱ्याच्या उपरण्याला पुसल्या. गुरुजींनी मंत्र न थांबवता तिच्याकडे बघितलं. पाया पडताना तिने एकालाही चुकवलं नाही. मोठीआय पहिल्या रांगेत बसली होती. तिच्यापर्यंत ती स्वतःहून गेली, कोणी न्यायला लागलं नाही.

वाटलं होतं, संपलं. संपलं नव्हतं.

अल्बम आला तेव्हा मुलगी माहेरी आली होती. आम्ही तिघं सोफ्यावर बसून तो उघडला. पहिल्याच पानावर पानभर फोटो: ती एकटी, हसणारी, चष्म्याशिवाय. चष्मा कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता. डोळे मोठे केले होते, भुवया नव्याने काढल्या होत्या. पुढच्या कुटुंबाच्या फोटोत माझाही पुसला होता. मी मलाच ओळखलं नाही. शेजारी आमचे हे उभे, चष्म्यासकट. त्यांच्या मागे मुलीचे मामा, चष्म्यासकट. गुरुजी, चष्म्यासकट. चष्मा उतरवलेल्या आम्ही दोघीच.

मुलीने फोटोवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो खूश होता. "आवडला ना, मॅडम? सरप्राइज होतं. एक्स्ट्रा काम केलंय, त्याचं काही लावलेलं नाही."

"बाबांचा चष्मा का नाही काढला?"

"अं?"

"माझा काढला, आईचा काढला. बाबांचा, मामांचा, गुरुजींचा का नाही काढला?"

"मॅडम, जेंट्सना चालतो ना."

"बरं. मग दोनच मार्ग आहेत. एक तर आमचे दोघींचे परत लावा, नाही तर सगळ्यांचे काढा. गुरुजींचाही काढा, मी त्यांना कळवते."

"मॅडम, ओरिजिनलमध्ये काचेवर फ्लॅश आलाय. डावा डोळा दिसत नाहीये तुमचा."

"मला त्या डोळ्याने दिसत होतं," ती म्हणाली. "तसाच छापा. कधी देता?"

आमचे हे चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत बसले. "माझा काढला असता तरी मी काही बोललो नसतो," ते म्हणाले.

"तुमचा कोणी काढणारच नव्हतं," मी म्हटलं.

दुसरा अल्बम आला तो आम्ही पान न् पान तपासून घेतला. पहिल्या पानावरच्या फोटोत डाव्या काचेवर पांढरा झोत आहे. कुटुंबाच्या फोटोत माझ्या दोन्ही काचा पांढऱ्या आहेत, नाण्यांसारख्या. अल्बम हॉलमधल्या टीपॉयवर असतो. येणारा प्रत्येक जण तो उघडतो.

परवा नणंद आली होती. तिने पहिलं पान उघडलं, अल्बम डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. "वयनी, काचेवर उजेड पडलाय गो पोरीच्या."

"पडलाय," मी म्हटलं, आणि पुढचं पान उलटलं.